सावडीचा स्लॅब

होळीची राख निवाली आणि गेणूने आपल्याच घरावर चढून पहिले कौल काढले. घरकुल मंजूर झाले होते. जुने घर पाडून जागा मोकळी केल्याखेरीज नवे उभे राहणार नव्हते, आणि ते याच वर्षी उभे राहायला हवे होते, कारण सिन्नरकडे दिलेल्या उज्वलाला दिवस गेले होते. पहिले बाळंतपण माहेरी व्हायचे. त्यासाठी माहेर नावाची काहीतरी वस्तू जागेवर असावी लागते: चार भिंती, कोरडी जमीन, आणि शेगडीचा धूर बाहेर जाईल अशी एक खोली. आषाढात बाळंत होणारी बाई ज्येष्ठात घरी आणायची असते. करंजदऱ्यात आषाढ म्हणजे कपडे चुलीवर शेकून वाळवण्याचे दिवस. घोटीहून त्र्यंबककडे जाणाऱ्या रस्त्याच्या आत, वैतरणेच्या फुगवट्यावरच्या त्या वाडीत ढग दारातून आत येतात आणि चार महिने पाहुण्यासारखे बसून राहतात.

कौले उतरवायला वाडीतली दहाबारा माणसे आली होती. हातोहात कौल खाली येत होते आणि गेणूची बायको मैना ती आंब्याखाली रचत होती. वासे सुटले, रिपा सुटल्या, शेवटी धुराने काळे कुळकुळीत झालेले सागाचे खांब उघडे पडले. त्याच वेळी रस्त्यावर एक मोटार थांबली आणि तिच्यातून शौनक उतरला.

शौनक हा त्र्यंबकच्या यज्ञेश्वर गुरुजींचा मुलगा. वडिलांनी त्याला पौरोहित्यात घालायचे ठरवले होते. तो वास्तुशास्त्र शिकला, अर्थात विद्यापीठातले. नाशिकला गंगापूर रोडवर त्याचे आणि त्याच्या बायकोचे, सईचे, कार्यालय होते, आणि करंजदऱ्याच्या वरच्या पठारावर गुरुजींनी कधीकाळी घेऊन ठेवलेल्या जमिनीवर ती दोघे पर्यावरणस्नेही निवास उभारत होती. नवी वीट नाही, नवे लाकूड नाही, सिमेंटचा कण नाही. पंचवटीतल्या पाडलेल्या घरांचे दरवाजे, सिन्नरच्या कारखान्यांनी टाकून दिलेली केबलची लाकडी चाके, महामार्गावरच्या बंद पडलेल्या हॉटेलातल्या फरशा, असे सारे टाकाऊ तिथे ट्रकने येऊन पडत होते. निवासाचे नाव ‘अपरिग्रह’ ठेवले होते. जैनांनी आणि योगसूत्रांनी हा शब्द ज्या अर्थाने वापरला, त्या अर्थाची कोणतीही जबाबदारी प्रकल्पाने घेतलेली नव्हती.

शौनक खांबांपाशी आला. त्याने एका खांबावरून बोट फिरवले आणि बोटाकडे पाहिले.

“काय रंग चढलाय! असा रंग कुठल्या पॉलिशने येत नाही.”

“धूर हाय त्यो, दादा,” गेणू वरून म्हणाला. “सोड्यानं घासला की निघंल.”

“नको! अजिबात घासू नका.”

वाडीतली माणसे हसली. ज्याला घासू नका म्हणतात अशी घाण त्यांनी प्रथमच पाहिली.

चहा आला. शौनकने लाकूड आणि कौले मागितली. गेणूला त्यांचे आता काहीच काम नव्हते. लाकूड पावसात कुजले असते. तरीही तो विचारात पडला, कारण विकायचे त्याच्या मनात येत नव्हते आणि फुकट द्यायलाही जीव होत नव्हता. तेव्हा शौनकने बशी खाली ठेवली आणि मोकळ्या मनाने तो म्हणाला, “गेणूभाऊ, तुम्ही आमच्या घराला हात लावा. तुमचंही घर आपण सगळे मिळून बांधू की!”

शहरात हे वाक्य ‘एकदा जेवायला या’ या जातीचे असते. ते म्हणणारा आणि ऐकणारा दोघेही ते जागीच सोडून पुढे जातात. करंजदऱ्यात या वाक्याला सावड म्हणतात. आज मी तुझ्या बांधावर, उद्या तू माझ्या. दिवसाला दिवस, बैलजोडीला बैलजोडी, बाईच्या लावणीला बाईची लावणी. मधे पैसा येत नाही, कारण पैसा आला की देणे तिथेच फिटते आणि उद्या येण्याचे कुणाला कारण उरत नाही. अशी सावड आजवर कोणी लिहून ठेवली नाही आणि कोणी बुडवलीही नाही.

गेणूने चहाचा पेला पालथा घातला. “मंग ठरलं,” तो म्हणाला.

“ठरलं!” शौनक म्हणाला.

*

नव्या घराचा पाया गेणूने स्वतः भरला. तो चांगला गवंडी नव्हता, पण गवंड्याच्या हाताखाली बरीच वर्षे गेल्याने सरळ भिंत चढवण्याइतपत काम त्याला येत होते. सकाळी उजाडताच तो आणि मैना आपल्या भिंतीवर विटांचे एकदोन थर चढवीत आणि मग पठारावर जात. संध्याकाळी परतल्यावर त्या थरांवर पाणी मारीत. राहायला आंब्याखाली प्लास्टिकचा निळा कागद ताणला होता. दुपारी त्याच्याखाली कोंबड्यासुद्धा थांबत नसत.

पठारावर चिखल तुडवायचे काम होते. लाल माती, भाताचा पेंढा, हिरड्याचे आंबवलेले पाणी, बेलफळाचा गर आणि गूळ. गुळाच्या ढेपा पिंपात फुटत तेव्हा मधमाश्या घोंगावत.

“भित्तीला गूळ,” मैना म्हणाली, “आन् आपल्याला कोरा च्या.”

“च्याला गूळ घातला तर च्या काय घट्ट व्हतो?” गेणू म्हणाला. त्याला हे काम आवडू लागले होते.

आवडण्यासारखे होते. त्या चिखलात त्याच्या बरोबरीने वीस-पंचवीस तरुण माणसे उतरत. पुण्याची, मुंबईची, एक बंगळुरूचा. मुली विजारी गुडघ्यापर्यंत दुमडून पेंढा तुडवीत, हसत, घसरून पडत. त्यांच्या तळपायांना पहिल्याच दिवशी फोड आले. मैनेने फोडांवर खोबरेल लावून दिले. एका मुलीने, तिचे नाव योगिनी, मैनेचे पाय पाहून विचारले, “मावशी, तुमच्या टाचा दुखत नाहीत?” मैनेने आपल्या टाचांकडे पाहिले. त्यांच्या भेगांत चिखल बसून वाळला होता. दुखतात की नाही, याचा विचार तिने केलेला नव्हता.

पहिला आठवडा सरला तेव्हा शौनक मजुरी द्यायला आला. गेणूने हात मागे घेतला.

“सावडीत पैसं घेत्यात व्हय, दादा?”

“म्हणजे?”

“तुमचं काम आमी करायचं, आमचं तुमी. पैसं घेतलं तर मंग तुमी कशाला याल?”

शौनकला भरून आले. त्याच्या डोळ्यांत खरोखर पाणी होते. त्याने सईला हाक मारली आणि सईने तो शब्द दोनदा विचारून घेतला. संध्याकाळी निवासाच्या इंटरनेटवरच्या पानावर गेणूचे चिखलाने माखलेले हात झळकले. खाली लिहिले होते: ‘सावड. जिथे श्रमाला किंमत नसते.’ सावडीत श्रमाला इतकी नेमकी किंमत असते की वाण्याच्या तराजूने लाजावे, हे पान पाहणाऱ्या हजारांपैकी कोणाला कळायचे कारण नव्हते. त्यांनी हृदयाची चिन्हे पाठवली.

वाडीने मात्र वेगळे पाहिले. वाडीत कारभारी नावाचा म्हातारा होता. तो कोणाचाही कारभार करीत नसे, ते त्याचे नावच होते. भावकीत तो गेणूचा चुलता लागे. भाताच्या रोपांसाठी राब भाजायच्या दिवसांत त्याने गेणूला वाटेत अडवले.

“गेण्या, काल माझ्याकडं राबाला आला नाय.”

“पठारावर व्हतो, नाना.”

“परवा खालच्या आळीच्या विहिरीचा गाळ काढला. तवाबी नव्हता.”

“तिथं सावड लावलीया. त्यांची माणसं येणार हायेत माझ्या स्लॅबला. पंचवीस माणूस हाय नाना, तरणंताठं.”

कारभारी काठीवर हनुवटी ठेवून उभा राहिला. “अरं, ती माणसं पैसं देऊन येत्यात.”

“कशाला?”

“चिखल तुडवायला.”

गेणू हसला. “कामाला यायला कुणी पैसं देतं व्हय? उलटं सांगितलं तुला कुणीतरी.”

“उलटंच हाय ते,” कारभारी म्हणाला आणि निघून गेला.

वैशाखात पठारावरचे घर उभे राहिले. गेणूच्या घराचे सगळे खांब पूर्वेच्या खोलीत बसले. आढे तेच, वासे तेच, वर कौले तीच. जोत्याचे दगडसुद्धा ट्रॅक्टरने वर गेले होते. गेणूने आपल्या हाताने खांब उभे केले आणि ओळंबा लावून पाहिले. घर खाली होते त्यापेक्षा सरळ उभे होते.

खाली त्याच्या विटांच्या भिंतीही डोक्यावर गेल्या होत्या. आता फक्त स्लॅब राहिला होता.

*

स्लॅब ही अशी गोष्ट आहे की ती एका दिवसात एका दमाने टाकावी लागते. अर्धा आज, अर्धा उद्या केला तर मधला सांधा जन्मभर गळतो. खाली मिक्सर फिरतो, माणसांची साखळी लागते, घमेले हातातून हातात वर जाते आणि कोणी थांबायचे नसते. पंचवीस माणसे लागतात. ठेकेदाराच्या टोळ्या ज्येष्ठाच्या तोंडाशी मिळत नाहीत, कारण पावसाआधी सगळा तालुका स्लॅब टाकत असतो. गेणूला त्याची काळजी नव्हती. त्याने घोटीहून सेंट्रिंगच्या प्लेटा भाड्याने आणल्या, सळई बांधली आणि सोमवारचा मिक्सर सांगितला.

सावडीचे आमंत्रण सुपारी देऊन करतात. शनिवारी दुपारी पठारावर सगळे जेवायला बसले असताना गेणू धुतलेला सदरा घालून गेला. त्याने प्रत्येकापुढे वाकून सुपारी ठेवली आणि प्रत्येकाला तेच म्हटले, “सोमवारी आमच्याकडं सावड हाय. सकाळच्या पारी या.”

“किती गोड!” योगिनी म्हणाली. “हे खायचं असतं की ठेवायचं?”

“ठेवा. आन् या.”

“नक्की, काका.”

बंगळुरूच्या मुलाला मराठी येत नव्हते. त्याने सुपारी कपाळाला लावली. शौनकने ती दोन्ही हातांत घेतली आणि फोनवर बोलता बोलताच मान हलवली. सईने ओंजळ पुढे केली. “येतो आम्ही, गेणूभाऊ,” ती म्हणाली आणि तिने सुपारी कुडत्याच्या खिशात टाकली.

रविवारी दुपारी दोन मोठ्या गाड्या पठारावरून उतरल्या. वर पिशव्या बांधलेल्या होत्या. वाटेत गेणू दिसला तेव्हा गाड्या थांबल्या, मुले उतरली आणि सगळ्यांनी त्याला मिठी मारली. त्याच्याशी असे आजवर कोणी वागले नव्हते. तो अवघडून उभा राहिला.

“कुठं निघाली ती?” मैनेने विचारले.

“नाशिकला जाऊन येत्याल. सकाळी यायचंच हाय त्यांना.”

सोमवारी मैनेने उजाडायच्या आत चूल पेटवली. स्लॅबच्या दिवशी माणसांना पोटभर घालायचे असते. भाताचे मोठे पातेले, मसूरची आमटी, नागलीच्या भाकरी, वांग्याचे भरीत. पत्रावळ्या दगडाखाली दाबून ठेवल्या. मिक्सर ट्रॅक्टरमागून आला आणि मिक्सरवाल्याने उतरून चारी बाजूंना पाहिले.

“माणसं?”

“येत्याती.”

मिक्सरवाल्याने विडी ओढली. दुसरी ओढली. पश्चिमेला वैतरणेच्या वर ढगाची एक करडी भिंत उभी राहिली होती आणि वारा पडला होता. सळईच्या जाळीवर गेणू एकटा उकिडवा बसून पठाराच्या वाटेकडे पाहत होता. तो उठे, सळईची बांधलेली तार पुन्हा पिळून पाही आणि बसे.

कारभारी आला. मिक्सर, पातेले, पत्रावळ्या त्याने सगळे पाहिले.

“नाना,” गेणू वरून म्हणाला, “वाडीतलं कुणी...”

“आज अख्खी वाडी यशोदाबाईच्या गोठ्यावर गेलीया. तिची पाळी हाय.” तो थोडा थांबला. “तू कुणाच्या पाळीला व्हता, गेण्या? मी कुणाला काय सांगू? मी येतो. पण माझ्या एकट्याच्यानं घमेलं वर जातंय का?”

वाडी निष्ठुर नव्हती. वाडीचा हिशेब चोख होता, आणि त्या हिशेबात गेणूने आपले सगळे दिवस पठारावर गुंतवले होते.

ऊन चढल्यावर सई स्कूटरवरून आली. कपडे धुवायला टाकताना खिशात सुपारी हाताला लागली तेव्हा तिला सोमवार आठवला होता. तिने पातेल्यांकडे पाहिले, मग वर गेणूकडे.

“गेणूभाऊ, सगळे गेले हो. वर्कशॉप काल संपलं.”

“गेले म्हंजी?”

“आपापल्या घरी. त्यांना वाटलं... मलाही वाटलं, ती सुपारी म्हणजे निरोपाची काहीतरी...” तिचे वाक्य पुरे झाले नाही. तिने ओढणी कमरेला बांधली आणि एक घमेले उचलले. “मी आहे ना. सुरू करू या. जितकं होईल तितकं.”

मिक्सरवाला विडी विझवून म्हणाला, “ताई, स्लॅब हाय. तुळस लावायची नाय.”

सई घमेले धरून उभी राहिली. मैना तिच्यापुढे आली, तिने ते घमेले सईच्या हातातून हलकेच काढून घेतले आणि म्हणाली, “जेवून जा, ताई. लय भात झालाय.”

दुपारी मिक्सर दुसऱ्या गावी गेला. भात वाडीत वाटला, यशोदाबाईच्या गोठ्यावर काम करणाऱ्यांनी तो खाल्ला आणि चांगला झाल्याचे सांगितले. संध्याकाळपासून पाऊस धरला. तो सुटलाच नाही. प्लेटांवर पाणी साचले; सळई तांबडी पडली. घोटीच्या दुकानदाराने प्लेटांसाठी माणूस पाठवला. नवा मिक्सर दिवाळीनंतर मिळेल असे कळले. बिनछपराच्या चार भिंतींच्या आत घोट्याएवढे पाणी उभे राहिले आणि रात्री त्यात बेडूक ओरडत.

उज्वलाचा फोन आला. ती हळू बोलत होती, म्हणजे सासू जवळच असावी.

“आई, बेस्तरवारी आणून सोडणार हायेत. घर झालं ना?”

मैनेने निळ्या कागदाकडे पाहिले. त्याच्या पोटात पाणी साचून तो म्हशीच्या कासेसारखा लोंबत होता. तिने काठीने तो वर ढकलला. पाणी भसकन बाहेर पडले.

“हे कशाचं पाणी?” उज्वलाने विचारले.

“हंडा वतला. ये तू.”

*

उपाय सईनेच काढला. अपराधाची बोचणी तिला झोपू देत नसावी. ती पुढच्या आठवड्यात, मंगळवारी, स्वतः चिखलातून चालत आली.

“उज्वलाला वर आणा. पूर्वेची खोली रिकामीच आहे. तुमच्याच घराचे खांब, तुमचीच कौलं. बाळ झालं की महिना-दोन महिने तिथेच राहू दे.”

मैनेने पठाराकडे पाहिले. मग तिने विचारले, “शेगडी पेटवली तर चालंल?”

“चालेल.”

“धुरी द्यावी लागती बाळाला. ओव्याची.”

“द्या ना.”

“दादांना ईचारलं?”

“विचारते,” सई म्हणाली. “तो नाही म्हणणार नाही.”

बुधवारी मैनेने पूर्वेच्या खोलीच्या भिंतींना पांढऱ्या मातीचा पोतेरा दिला. कोपऱ्यात बाज लावली. बाजेखाली शेगडी मावते का ते पाहिले. आपले जुने मऊ लुगडे फाडून त्याची दुपटी केली आणि खुंटीवर टांगली. डिंक, अळीव, खारका डब्यात भरून ठेवल्या. गेणू दारातून पाहत होता. बऱ्याच दिवसांनी तो एक वाक्य बोलला, “सावड फिटली म्हणायची.”

“फिटली,” मैना म्हणाली.

गुरुवारी सकाळी तिने खोलीची जमीन सारवायला घेतली. शेण ताजे होते. ती आतल्या भिंतीपासून अर्धगोल ओढीत मागे मागे दाराकडे येत होती, आणि तिच्या पाठीमागे, ओसरीवर, दोन माणसे बोलत होती. एक शौनक. दुसरे यज्ञेश्वर गुरुजी. ते त्या दिवशी वास्तुशांतीसाठी त्र्यंबकहून आले होते.

“शांत झालेल्या वास्तूत परक्या घरचं सोयर?” गुरुजी म्हणाले. “दहा दिवस इथे पाणीसुद्धा चालणार नाही. तुला पटत नसेल, पण मग मला कशाला बोलावलंस?”

“मला हे काही पटत नाही, बाबा.”

“मग?”

“प्रश्न वेगळा आहे. आज दुपारी पहिला गट येतोय. मौनाचा. तान्हं मूल आणि मौन, कसं जमणार?”

गुरुजींनी मुलाकडे पाहिले. ज्या मुलाने आयुष्यभर त्यांच्या सोवळ्याची टिंगल केली, त्याला आपल्यापेक्षा कडक सोवळे सापडले आहे, हे ओळखण्याइतके ते हुशार होते. त्यांनी दर्भाची जुडी सोडली आणि ते मोजीत बसले.

मैनेचा हात थांबला नव्हता. सारवण मधे थांबवले तर जोड दिसतो.

जीप आली तेव्हा ती उंबऱ्यापर्यंत पोचली होती. जीपमधून आधी उज्वलाची सासू, सुमनबाई, उतरली. तिने पदर खोचून घराकडे पाहिले आणि तिचा चेहरा जरा सैल झाला. मग उज्वला एकेक पाय टाकीत उतरली. तिच्या पावलांना सूज होती, चपलांचे पट्टे मांसात रुतले होते.

“घर झ्याक हाय की, इहीणबाई,” सुमनबाई म्हणाली. “मला वाटलं पत्र्याखाली ठेवताय माझं नातवंड.”

उज्वला ओसरीवर चढली आणि तिने दारातूनच आत पाहिले. “आपला मधला खांब,” ती म्हणाली. बस्स, एवढेच.

शौनक पुढे आला. तो अतिशय सौजन्याने बोलला. त्याने नमस्कार केला, पाणी विचारले, गैरसमज झाला म्हणून क्षमा मागितली. खोल्या आरक्षित होत्या. सईला ते माहीत नव्हते. येणारे लोक पाच दिवस एक शब्दही बोलणार नाहीत, हसणार नाहीत, कोणाच्या डोळ्यांत पाहणार नाहीत.

“मुकी हायेत का?” सुमनबाईने विचारले.

“नाही, मौन. ठरवून.”

“पैसं देऊन?”

शौनकने होकारार्थी मान हलवली. सुमनबाई मैनेकडे वळली. “म्हंजी हे घर तुमचं नाय.”

मैनेच्या कोपरापर्यंत शेण होते. सई दूर विहिरीपाशी उभी होती. ती दोन पावले पुढे आली, तिने शौनककडे पाहिले आणि ती तिथेच राहिली. उज्वलाने आईला हळूच विचारले, “संडास कुठंय? सिन्नरपास्नं थांबलीया.”

शौनकने ते ऐकले. इथले शौचालय पाण्याशिवाय चालणारे होते. भुसा टाकायचा, खत होते. तो भुसा अजून आला नव्हता. दुपारपर्यंत येणार होता. त्याने हे सगळे समजावून सांगितले. मैनेने मुलीला घराच्या मागच्या बाजूला नेले. पाऊस भुरभुरत होता. उज्वलाला खाली बसता येईना. एका हाताने तिने आईचा खांदा धरला, आणि मैनेने शेणाचे हात अंगाला लागू न देता दंडांनी तिला सावरले. पुढे ओसरीवर मंत्र सुरू झाले.

त्या दोघी परतल्या तेव्हा सुमनबाई जीपमध्ये जाऊन बसली होती आणि खालून आलेला गेणू जीपपाशी उभा होता.

“चल गं. आमच्यात एक खोली हाय, पन आमची हाय.” मग गेणूकडे पाहून, “जीपचं भाडं ज्यानं बोलावलं त्यानं द्यायचं. जाऊन-येऊन.”

गेणूच्या खिशात काही नव्हते. त्याने मैनेकडे पाहिले. मैनेने मान खाली घातली. शौनक हे पाहत होता. तो आत गेला आणि एक पाकीट घेऊन आला, बहुधा ते कधीपासून तयारच होते.

“आता तरी घ्या, गेणूभाऊ. तुमची आणि मावशींची मजुरी, होळीपासूनची. मला रोज अपराधी वाटतं.”

“हे घेतलं की सावड मोडती, दादा.”

“उलट! हिशेब स्वच्छ झाला.”

जीपवाल्याने भोंगा वाजवला. गेणूने पाकीट घेतले, उघडले, त्यातून जीपवाल्याला दिले आणि उरलेले सदऱ्यात ठेवले. हे सगळे त्याने पाठ वळवून केले. उज्वला जीपमध्ये चढताना कोणाचा तरी हात शोधत होती. चालकाने तो दिला. काचेतून तिने आईकडे पाहिले. मैनेने हात वर केला आणि त्यावर शेण आहे हे लक्षात येऊन खाली घेतला.

जीप वळणाआड गेली. शौनकने सुटकेचा श्वास सोडला. त्याच्या चेहऱ्यावर आज प्रथमच मोकळेपण आले होते. मजुरी घेतलेल्या माणसाशी कसे बोलायचे हे त्याला ठाऊक होते.

“मावशी, ही जमीन वाळायला किती वेळ लागेल? चार वाजता लोक येतील.”

“ढगाळ हाय,” मैना म्हणाली. “येळ लागंल.”

“कुत्री येतात हो इथे. जरा लक्ष ठेवाल? आज दिवस भरून धरतो.”

तो गेला. गेणू अंगणाच्या कडेला पावसातच उभा होता. त्याने विचारले, “येती का?”

“तू हो पुढं.”

आत खुंटीवर दुपटी होती, डब्यात अळीव आणि खारका होत्या. ते सगळे काढायचे तर त्या ओल्या जमिनीवरून चालत जावे लागले असते. चार पावले उमटली असती. कोणी तिला काही म्हटले नसते. म्हटले असते तरी आता काय बिघडणार होते? ती उंबऱ्याच्या बाहेर उकिडवी बसली. वाटेवरून एक पिवळे कुत्रे आले, त्याने नाक पुढे केले, आणि मैना म्हणाली, “हाड.” कुत्रे गेले. थोड्या वेळाने ते पुन्हा आले. तिने पुन्हा हाकलले. जमीन कडेकडेने पांढुरकी होऊ लागली होती. मधे अजून ओल होती, आणि ती तिकडे पाहत बसून राहिली.